लॅनकार्ड चालत नाही म्हणजे ड्रायव्हरच नाही असं नसतं

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. राजापूर तालुक्यातली शाळा, गावच्या मुंबई मंडळाने कुठल्यातरी ऑफिसातून निघालेले नऊ पीसी आणि दोन लॅपटॉप पाठवले, ते अख्खा पावसाळा मागच्या खोलीत पोत्याखाली पडून होते, आणि दिवाळीनंतर सरांनी सगळ्यांवर डेबियन, म्हणजे लिनक्सची एक जात, टाकलं. नऊपैकी चार मशीनवर नेट सरळ चालू झालं. दोन मशीनना लॅनकार्ड दिसतच नाही, दोघांना दिसतं पण नेट नाही, एकाचं नेट येतं नि जातं, आणि दोन्ही लॅपटॉपचं वायफाय बंद. सरांचं म्हणणं असं की कार्डं जुनी आहेत, कंपनीच्या साइटवर लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, मिळत नाही, कुठून डाउनलोड करू?

कुठूनच नको. मी रत्नागिरीत वीसेक वर्षं हीच मशीनं उघडतोय आणि विंडोजवरून येणारा प्रत्येक माणूस पहिला हाच प्रश्न विचारतो, कारण तिकडे सवयच ती, कार्डासोबत सीडी यायची, सीडी हरवली की कार्ड मेलं. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याच्या, सोबतच येतात, आणि वायरच्या जुन्या कार्डांच्या बाबतीत तर लिनक्सएवढा जुना संग्रह दुसऱ्या कोणाकडे नसेल. डोनाल्ड बेकर म्हणून नासात काम करणारा माणूस होता, त्याने नव्वदच्या दशकात स्वस्त पीसी एकत्र जोडून बेओवुल्फ नावाचा क्लस्टर उभा केला आणि त्याच काळात इथरनेट कार्डांचे ड्रायव्हर एकामागून एक लिहून काढले, त्यातले कितीतरी आजही कर्नलमध्ये आहेत. तेव्हा तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर बहुतेक तुमच्या मशीनमध्येच पडलेला आहे, त्याला कामाला का लागता येत नाही ते शोधायचंय.

आधी कार्डाच्या डब्यावरचं नाव विसरा. डब्यावर कंपनी असते, ड्रायव्हर चिपचा असतो. उदाहरण देतो. डी-लिंकचं डीएफई ५३० टीएक्स म्हणून कार्ड होतं, त्यात व्हीआयएची ऱ्हाइन चिप. त्याच नावापुढे एक प्लसचं चिन्ह लावलेलं दुसरं कार्ड, त्यात रिअलटेकची ८१३९. एका प्लसने अख्खा ड्रायव्हर बदलला. म्हणून टर्मिनल उघडून एलएसपीसीआय (मशीनमधली कार्डं दाखवणारी कमांड) टाइप करा, स्पेस, मग डॅश एनएनके, सगळं लहान अक्षरात. त्यात इथरनेट लिहिलेली ओळ बघा, शेवटी चौकोनी कंसात कोलनच्या दोन बाजूंना चार-चार अक्षरांचा आकडा असेल. डावीकडचा आकडा म्हणजे चिप बनवणाऱ्याचं आडनाव समजा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०बी७ म्हणजे थ्रीकॉम, ११०६ म्हणजे व्हीआयए, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी ॲथेरॉस, आणि इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतलाय, आपल्या जुन्या प्रोसेसरचा नंबर, हौस असते एकेकाची. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ आली की ड्रायव्हर लागलेला आहे, पुढे त्याच्या नादी लागू नका, खोट दुसरीकडे आहे.

आता ज्या दोन मशीनना कार्ड दिसतच नाही, म्हणजे एलएसपीसीआयमध्ये ओळच नाही, तिथे जगातला कुठलाही ड्रायव्हर उपयोगाचा नाही कारण मदरबोर्डलाच ते कार्ड दिसत नाहीये. कार्ड मदरबोर्डवरच असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारं सेटिंग) ते बंद केलेलं असू शकतं, ते बघून घ्या. वेगळं बसवलेलं असेल तर ९० टक्के वेळा हे आपल्या हवेचं काम. घाटावरच्या माणसाला हे सांगून पटत नाही, पण आपल्याकडे खारा वारा आणि चार महिने भिंतीला ओल, यात पितळेच्या कड्या हिरव्या होतात तर कार्डाच्या पट्ट्यांचं काय. पॉवरची वायर काढा, मग बंद मशीनचं पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आतला उरलेला करंट जाईल, स्क्रू काढून कार्ड सरळ वर ओढा, तिरकं नको. खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग दिसेल. उजेडात तिरपी धरून बघा, चांगली पट्टी चकाकते, खराब झालेली मळकट तपकिरी दिसते, कधीकधी कडेला हिरवट पुटकुळी असते.

साधं पांढरं खोडरबर घ्या, मुलांच्या कंपासमधलं चालतं, आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने, आतून बाहेर, हलक्या हाताने घासा. आडवं घासलंत तर कडेची पट्टी सुटते. रबर काळं पडेल, पडू दे. चुरा ब्रशने झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलमध्ये किंवा मोबाईल रिपेअरवाल्याकडे मिळतं ते कापडाला लावून पुसा, दोन्ही बाजू. पॉलिश पेपर आणि ब्लेड अजिबात नको, सोन्याचा थर केसाहून पातळ असतो, तो गेला की आठ दिवस छान चालेल आणि पुढच्या पावसाळ्यात कार्ड कायमचं जाईल. एका दुकानदाराने उत्साहाने रॉकेलने धुतलेलं कार्ड माझ्याकडे आणलं होतं, वास आठवडाभर गेला नाही, कार्ड मात्र चाललं, ते सोडा. खाचेत जुना कोरडा टूथब्रश फिरवा आणि शक्य असेल तर कार्ड दुसऱ्या खाचेत बसवा.

दुसऱ्या खाचेत बसवलं तर एक लक्षात ठेवा नाहीतर तुम्ही परत डोक्याला हात लावाल. आता कार्डाचं नाव इथ शून्य असं राहिलेलं नाही, २०१३ पासून सिस्टमडीने (लिनक्समधली सगळी कामं सुरू करून देणारा प्रोग्रॅम) ते कुठल्या खाचेत आहे त्यावरून नाव द्यायची पद्धत आणली, डेबियनमध्ये नवव्या आवृत्तीपासून तीच चालते. म्हणजे 'ईएनपी२एस०' नावाचं कार्ड खाच बदलली की 'ईएनपी३एस०' होतं. तुम्ही आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) हाताने बांधून दिला असेल तर तो जुन्या नावाला बांधलेला राहतो आणि कार्ड धडधाकट असूनही नेट नाही. 'आयपी ए' टाइप करून आत्ताचं नाव बघा आणि सेटिंगमध्ये तेच घाला. ग्रबमध्ये (चालू होताना लिनक्स उचलणारा प्रोग्रॅम) 'नेट.आयएफनेम्स=०' टाकून जुनी पद्धत परत आणता येते, मी शाळांमध्ये तेच करतो कारण मशीनमध्ये एकच कार्ड असतं आणि उद्या ते बदललं तर नवीन पण इथ शून्यच होतं, कोणाला फोन करावा लागत नाही.

आता कार्ड दिसतं पण नेट नाही ती दोन. पहिल्याचा तुम्ही मेसेज लिहिलाय की हे '८१३९सी प्लस' चिप नाही, '८१३९टू' वापरा. याला घाबरू नका, ही तक्रारच नव्हे. रिअलटेकने ८१३९ नावाखाली दोन जातीच्या चिपा काढल्या आणि दोघींचा आकडा एकच, १०ईसी:८१३९. म्हणून कर्नल दोन्ही ड्रायव्हर आणून उभे करतो, सीप्लसवाला बघतो, ही माझी नाही म्हणतो आणि बाजूला होतो, टू वाला काम हातात घेतो. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलंय एवढंच. मग नेट का नाही? 'आयपी लिंक' टाइप करा. तिथे 'नो-कॅरिअर' दिसलं तर वायरीतून पलीकडचं कोणी बोलतच नाहीये. मागचा हिरवा दिवा लागतो का बघा. वायर आणि स्विचचा (सगळ्या वायरी एकत्र येतात तो डबा) पोर्ट चालू मशीनवरचा लावून बघा, तरीही दिवा नाही तर कार्डाची वायरकडची बाजू गेलेली आहे.

ही आपल्याकडची नेहमीची केस. वळवाच्या पावसात नाहीतर ऑक्टोबरात परतीच्या पावसात कडाडून वीज होते, लोक प्लग काढतात आणि लॅनची वायर तशीच ठेवतात, आणि करंट नेमका तिच्यातून येतो. चिपचा मदरबोर्डकडचा अर्धा भाग जिवंत राहतो म्हणून एलएसपीसीआयमध्ये सगळं छान दिसतं, ड्रायव्हर लागतो, माणूस दोन दिवस ड्रायव्हर बदलत बसतो. अजून एक खूण, 'आयपी लिंक'मध्ये दिसणारा मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डाचा स्वतःचा नंबर, सगळा एफएफ एफएफ किंवा सगळा शून्य दिसला तर कार्डावरची बारकी मेमरी गेली. असलं कार्ड मी ठेवत नाही.

दुसरं मशीन, ज्यात विंडोज पण ठेवलंय म्हणालात, त्याची गंमत वेगळी. रिअलटेकच्या मदरबोर्डवरच्या चिपेला विंडोज बंद होताना पार झोपवून जातं, 'वेक ऑन लॅन' (वायरीवरून मशीन जागं करायची सोय) बंद असेल तर, आणि ती झोप लिनक्सला मोडता येत नाही. विंडोजमध्ये नेट आहे, लिनक्समध्ये दिवासुद्धा नाही, असं दिसतं. मशीन बंद करून भिंतीतला प्लग काढा, मिनिटभर थांबा, परत लावून थेट लिनक्स चालू करा. नेट आलं तर निदान पक्कं. कायमचा उपाय विंडोजमध्ये, त्या कार्डाच्या ॲडव्हान्स सेटिंगमध्ये 'शटडाउन वेक ऑन लॅन' चालू करणे. किंवा विंडोज काढून टाकणे, तुमची इच्छा.

आता येतं-जातं ते मशीन. तुम्ही पाठवलेल्या ओळीत १०ईसी:८१६८ आहे, म्हणजे गिगाबिट, हजार मेगाबिटची चिप, ड्रायव्हर आर८१६९, तो पण लागलेला आहे. मला तरी हे वायरीचं वाटतं, सांगतो का ते. लॅनच्या वायरीत आठ तारा, चार जोड्या. शंभरच्या स्पीडला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, एक-दोन आणि तीन-सहा नंबरच्या. गिगाबिटला चारही. आणि किती स्पीडने बोलायचं याची बोलणी मात्र पहिल्या दोन जोड्यांवरच होतात. म्हणजे दोन टोकं छान ठरवतात की आपण हजारने बोलू, बोलायला जातात तर चार-पाच नाहीतर सात-आठची तार खारवून गेलेली, लिंक पडते, परत बोलणी, परत हजार ठरतं, परत पडते. डीमेसेजमध्ये (टर्मिनलवर डी-एम-ई-एस-जी टाइप केलं की कर्नलच्या नोंदी दिसतात त्या) 'लिंक इज अप', 'लिंक इज डाउन' अशी रांग लागलेली दिसेल. पोर्टात टॉर्च मारून बघा, आठ पिना एकसारख्या चमकल्या पाहिजेत, एखादी काळी किंवा हिरवी असेल तर ती तुमची खोट. जुना क्रिम्प केलेला (दाबून बसवलेला) जॅक कापून नवा मारा, दोन्ही बाजूंनी.

आणि तोवर काम चालवायचं असेल तर ईथटूल, कार्डाचं सेटिंग बदलायची कमांड, बसवा, पण इथे एक चूक सगळे करतात. ऑटो बंद करून 'स्पीड १०० डुप्लेक्स फुल' असं ठोकून देतात. स्विच मात्र ऑटोवरच असतो, त्याला समोरून बोलणीच ऐकू येत नाहीत, तो नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स धरतो, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं. एक बाजू फुल, एक हाफ. पिंग (पलीकडून उत्तर येतं का बघायची चाचणी) एकदम मस्त जातो आणि फाईल कॉपी करायला घेतली की बैलगाडी. मी स्वतः सुरुवातीच्या दिवसांत एका ऑफिसात यापायी पूर्ण शनिवार घालवलाय, नवीन स्विचसुद्धा विकला त्यांना, लाज वाटते आता. बरोबर रीत अशी की ऑटो चालूच ठेवायचं आणि कार्डाला सांगायचं की तू हजारचं नावच काढू नकोस: ईथटूल, स्पेस, डॅश एस, इंटरफेसचं नाव, मग ॲडव्हर्टाइज, मग शून्य एक्स शून्य शून्य एफ. मग बोलणी होतात आणि शंभरवर फुल ठरतं. शाळेला शंभर भरपूर झालं.

फर्मवेअरबद्दल. डीमेसेजमध्ये 'फेल्ड टू लोड' असं आरटीएल-निक नावाच्या फाईलबद्दल येत असेल तर ती ड्रायव्हरची गोष्ट नाही, चिपच्या आत भरायचा कंपनीचा बंद कोड असतो त्याची आहे. ड्रायव्हर मोकळा, फर्मवेअर बंद, असा हा संसार आहे. डेबियनवाले पूर्वी हे वेगळ्या डब्यात ठेवायचे, २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच ते यायला लागलं. तुम्ही कोणाकडून तरी जुनी सीडी घेतली असेल तर त्यात नसेल. रिअलटेकच्या वायरच्या चिपा बहुतेक वेळा याच्याशिवायही चालतात, नुसती कुरकुर करतात. वायफायचं तसं नाही.

म्हणून लॅपटॉप. पहिल्याचा आकडा १४ई४:४३११, ब्रॉडकॉम. या कंपनीने त्या काळात काहीही माहिती दिली नाही, बाहेरच्या लोकांनी चिप चाचपून चाचपून ड्रायव्हर लिहिला, बी४३, पण फर्मवेअर वाटायची परवानगी नाही. त्यामुळे डेबियनमध्ये फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर नावाचं पॅकेज आहे ते इंटरनेटवरून फाईल आणून त्यातून फर्मवेअर कापून काढतं. म्हणजे वायफाय चालू करायला नेट हवं आणि नेट यायला वायफाय हवं. यावर उपाय तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन यूएसबी वायरने लॅपटॉपला लावा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो फोन साधं लॅनकार्ड म्हणून दिसतो, कुठलंही फर्मवेअर लागत नाही. रेंज मिळत नसेल तर लॅपटॉप उचलून रेंज आहे तिथे न्या, गडग्यावर बसून इन्स्टॉल केलंय मी एकदा. सोर्समध्ये (पॅकेज कुठून आणायची त्याची यादी) कॉन्ट्रिब भाग चालू करायला विसरू नका, त्याशिवाय ते पॅकेज सापडत नाही.

दुसऱ्या लॅपटॉपवर १६८सी आहे, ॲथेरॉस. हे माझं आवडतं कार्ड. ओपनबीएसडी या दुसऱ्या मोकळ्या सिस्टमच्या लोकांनी मेहनतीने चिप उलगडली, त्यावरून लिनक्सचा एटीएच५के झाला, पुढच्या चिपांना एटीएच९के, आणि दोघांच्याही पीसीआय कार्डांना फर्मवेअर लागतच नाही. ज्यांना मशीनमध्ये एकही बंद फाईल नको त्यांनी हीच कार्डं शोधावीत, भंगारवाल्याकडे शे-दोनशेत मिळतात. मग तुमचं चालत का नाही? आरएफकिल लिस्ट टाइप करा. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असेल तर लॅपटॉपच्या कडेला एक सरकतं बटण आहे ते बंद आहे. हसू नका, कडेला धूळ बसली की ते दिसतसुद्धा नाही.

तरीही नेटवर्क दिसत नसेल तर राउटर बघा. या कार्डांपैकी बरीचशी फक्त २.४ गिगाहर्ट्झची असतात, नवा फायबरचा राउटर फक्त पाचवर ठेवला असेल तर त्यांना काहीच दिसणार नाही. पासवर्डची पद्धत डब्ल्यूपीए३ एकटीच ठेवली असेल तर जुनी कार्डं नाव दाखवतात पण जोडून घेत नाहीत, ती डब्ल्यूपीए२ वर आणा. आणि चॅनल तेरावर असेल तर अमेरिकेसाठी बनवलेलं कार्ड तिकडे बघतच नाही, एक, सहा किंवा अकरा ठेवा.

एक गोष्ट राहिली. जुन्या मशीनची मदरबोर्डवरची चपटी बॅटरी, सीआर२०३२, बहुतेक मेलेली असते. मालवणात एका झेरॉक्सवाल्याकडे मला बोलावलं, नेट आहे पण काहीच उघडत नाही म्हणून. पिंग होत होतं, एकदोन साध्या साइट उघडत होत्या, बँक नाही, मेल नाही. मी कार्ड काढलं, पुसलं, बदललं, वायर बदलली. त्याचा पोरगा मागून म्हणाला, काका आज एक जानेवारी हा काय? स्क्रीनच्या कोपऱ्यात २००२ साल. तारीख मागे असली की साइटची सर्टिफिकेटं अजून जन्मालाच आलेली नसतात, ब्राउझर नकार देतो. नवीन डेबियन नेटवरून वेळ आपणहून लावून घेतं, तरी पंचवीस-तीस रुपयांची बॅटरी सगळ्यांची बदलून टाका.

पेंटियम फोरच्या काळातली ३२ बिटची मशीनं असतील तर डेबियन १३ वर जाऊ नका, ऑगस्ट २०२५ ला आलेल्या त्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद झाला. १२ ला जून २०२८ पर्यंत सिक्युरिटी अपडेट आहेत, तोपर्यंत चालवा.

आणि एका कार्डावर तासाभराच्या वर वेळ घालवू नका. पुसून, खाच बदलून, वायर बदलूनही दिसलं नाही तर यूएसबीचं लॅनकार्ड घ्या, घेताना दुकानदाराला चिप विचारा, एसिक्सची एएक्स८८७७२ किंवा रिअलटेकची आरटीएल८१५२, दोन्हीचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत. फक्त मशीनचं यूएसबी अगदी पहिल्या जातीचं असेल तर ते १२ मेगाबिटच्या वर जाणार नाही, मग भंगारातलं ८१३९ परवडलं.

ज्या दोन मशीनना कार्ड दिसत नाही त्यांच्या पट्ट्यांचे फोटो पुसायच्या आधी काढून पाठवा, फ्लॅश बंद ठेवून, खिडकीच्या उजेडात. आणि नेट येतं-जातं त्या मशीनचा जॅक मारायला साधन नसेल तर सांगा, मी पुढच्या आठवड्यात राजापूरला येणार आहे, क्रिम्पिंग टूल घेऊन येतो. तोवर आकाश भरून आलं तर शाळा सोडताना प्लगबरोबर लॅनची वायरही स्विचमधून काढून ठेवा, नऊच्या नऊ.